फुलखडपावरची चौकट

भालूदादाने चौकट ठेवली ती पुन्हा मेलेल्या पोवळ्यावरच.

मी पाण्याखालून त्याला हाताने खुणावलं, तिकडे. वावभर, म्हणजे दोन हात पसरल्याएवढ्या अंतरावर पिवळट पोवळं पसरलं होतं, केळीच्या पानांचे द्रोण एकात एक ठेवावेत तसं. त्याच्या कडेने फुलपाखरू माशांची एक जोडी चोची मारत फिरत होती. भालूदादाने मान हलवली आणि तळावर ताणलेल्या दोरीकडे बोट केलं. दोरीवर जिथे लाल खूण येते तिथेच चौकट ठेवायची, असा नियम होता. त्याने चौकटीच्या कोपऱ्यात जागेच्या क्रमांकाची पाटी टेकवली आणि अंगठा-तर्जनीचा गोल करून मला दाखवला. ठीक आहे, घे.

मी कॅमेरा सरळ खाली धरला, श्वास हळूहळू सोडला आणि बटण दाबलं. शेवाळ धरलेला करडा दगड आणि त्यावर एक काळी समुद्रकाकडी, सुस्त पडलेला जीव. माझ्यातल्या फोटोग्राफरला त्या फोटोची लाजच वाटली असती, पण काम ते काम.

बरीच वर्षं झाली त्याला. मी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. कांदळवाडी हे आमचं गाव मालवणच्या दक्षिणेला आहे. माझे बाबा, जगन्नाथ मेतर, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, आणि पुढे स्वतःच्या लहान होडीवर मासेमारी करत आले. मी तालुक्याच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो काढायची. पाण्याखाली मला नेलं ते भालचंद्र तारीने. त्याला सगळे भालू म्हणायचे. माझ्यापेक्षा तो दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून माझा भालूदादा. पर्यटकांना पाण्यात उतरवायचा धंदा आमच्या गावात त्यानेच सुरू केला. त्या लोकांना खालचे फोटो हवे असायचे म्हणून तो एकदा स्टुडिओत येऊन म्हणाला, "हर्षदा, नवऱ्या-नवरीचे फोटो काढून कंटाळलंस नाय? चल, माशांचे काढ."

पहिल्याच दिवशी माझ्या चष्म्यात पाणी शिरलं. मी घाबरले, तोंडातली नळी सुटली, वर-खाली काही कळेना. भालूदादाने माझ्या पट्ट्याला धरून मला जागीच थोपवलं, स्वतःच्या अंगावरची जादा नळी माझ्या तोंडात दिली आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिला, माझा श्वास जाग्यावर येईपर्यंत. मला त्याने वर खेचलं नाही. वर आल्यावर एवढंच म्हणाला, "आता तुका भीती वाटूची नाय." खरंच वाटली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी पाण्यात उतरले ती त्याच्याच जोडीला.

फुलखडप म्हणजे आमच्या किनाऱ्यासमोरचा पोवळ्यांचा खडक. खडप म्हणजे समुद्रातला खडक, आणि आमची म्हातारी माणसं पोवळ्यांना फुलंच म्हणतात. एका अंगाला तो तीन पुरुष खोल उतरत जातो, पण माथ्यावर इतका उथळ की मोठ्या ओहोटीला होडीतून हात घातला तर बोटं फुलांना लागावीत. चित्रातल्यासारखे लाल-निळे रंग तिथे नाहीत. पिवळा, हिरवा, तपकिरी, कुठेकुठे जांभळट. पण उजेड चांगला असेल तेव्हा एकेका पोवळ्यावर वाळूच्या कणाएवढी तोंडं उघडमीट करताना दिसतात. तासभर एकाच ठिकाणी लोंबकळत मी त्यांचे फोटो काढायची, आणि भालूदादा शेजारी न कंटाळता थांबायचा.

त्या हिवाळ्यात त्याच्याकडे पाहणीचं काम आलं. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेला फुलखडपाची नोंद हवी होती. दोरी ताणायची, चौकट ठेवायची, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. चौकट त्याची, कॅमेरा माझा.

"पण सगळ्या चौकटी मेलेल्यावरच कशा येतात?" होडीत चढल्यावर मी त्याला विचारलं. अंगावरचा ओला रबरी पोशाख सोलत तो हसला.

"दोरी आपणाक ऐकता काय गो? खूण जंय पडता, थंय चौकट. आपल्या मनासारखी ठेवली तर तिका पाहणी कोण म्हणतलो?"

"दोरी थोडी डावीकडे घेतली असती तर..."

"तू तुझी फुलां काढलंस मां? नळकांड्यात हवा उरली ती तुकाच दिलंय."

ते खरं होतं. रोज काम संपल्यावर उरलेली हवा तो मला हवं ते काढायला द्यायचा. माझ्याकडे जिवंत फुलखडपाचे ढीगभर फोटो जमले होते. समुद्री गोगलगाय, कपारीतून डोकावणारी वाम, आणि ते पिवळे द्रोण तर कितीतरी वेळा.

"आणि हे फोटो जातले खंय?" मी विचारलं.

"मोठ्या लोकांकडे. एकदा ह्या खडपाची नोंद झाली की कोणाचो हात लागाचो नाय त्याका. बघ तू."

मी बघायला तयारच होते.

*

माघ लागला आणि गावात जेट्टीची सुनावणी ठरली. एक कंपनी आमच्या खाडीच्या तोंडाशी मोठी जेट्टी आणि पुढे दगडांचा बांध घालणार होती. बांध नेमका फुलखडपावरून जाणार, असं लोक म्हणत होते. फुलखडप गेला की त्याच्या आसऱ्याला येणारा मासा जाणार, हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ लागत नव्हता. आमच्या होड्या तिथल्याच मासळीवर जगत आल्या होत्या.

सुनावणीच्या आदल्या दिवशी भालूदादा मला म्हणाला, "उद्या तुझे फोटो पडद्यावर लावतले."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बोलत नाहीत फारसे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतला इस्त्रीचा सदरा काढला, आणि एरवी सभेत मागे उभे राहणारे माझे बाबा शाळेच्या पटांगणातल्या मंडपात दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्याला त्यांनी आपल्या लेकीविषयी सांगितल्याचं मी ऐकलं, "आमच्या चेडवाचे फोटो असत."

अध्यक्षस्थानी नलावडे नावाच्या अधिकारी बाई होत्या. आधी आमच्यातले दोघे-तिघे तावातावाने बोलले. मग कंपनीतर्फे एक सावकाश बोलणारे गृहस्थ उठले, त्यांचं नाव कर्णिक. ते म्हणाले, गावकऱ्यांची भावना आम्ही समजू शकतो, पण ज्याला आपण प्रवाळ म्हणतो तो आता उरलेलाच नाही. हे आम्ही म्हणत नाही, आम्ही नेमलेल्या संस्थेने या हिवाळ्यात केलेल्या पाहणीची ही छायाचित्रं बघा.

पडद्यावर चौकट आली. शेवाळ धरलेला करडा दगड, कोपऱ्यात पाटी. मग दुसरी चौकट, तिसरी. एकामागून एक मेलेला दगड. प्रत्येक फोटो मी ओळखत होते. कुठल्या दिवशी पाणी गढूळ होतं, कुठल्या फोटोत माझ्या दिव्याचा उजेड वाकडा पडला, सगळं.

"ही छायाचित्रं," कर्णिक म्हणाले, "बाहेरच्या कुणी काढलेली नाहीत. याच गावच्या कन्या हर्षदा मेतर यांनी काढलेली आहेत. त्यांचे आम्ही आभारी आहोत."

मंडपातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाबा पडद्याकडेच बघत राहिले होते.

मी उठले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. मी म्हणाले, फोटो माझे आहेत, पण एवढेच नाहीत. त्याच जागेच्या हातभर पलीकडे जिवंत पोवळं आहे, त्याचेही फोटो माझ्याकडे आहेत, आत्ता फोनमध्ये आहेत. मी पुढे जाऊन नलावडे मॅडमना दाखवले. त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला.

"सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे फुलखडपावरचेच, हे कशावरून? यात जागेची पाटी नाही."

कर्णिक मऊ आवाजात म्हणाले, "हौशी छायाचित्रकार बऱ्याच ठिकाणी फिरतात, मॅडम."

"भालूदादा होता माझ्याबरोबर," मी म्हणाले. "प्रत्येक वेळी. त्याला विचारा."

भालूदादा पहिल्या रांगेत बसला होता. तो उठला. मी त्याच्याकडे बघितलं, जसं पाण्याखाली बघायची सवय होती तसं, डोळ्यांत. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"पाहणीचे फोटो आम्ही नियमान काढले," तो म्हणाला. "बाकीचे तिना मजेखातर काढलेले. खंय खंय काढले, ता तिकाय आठवत नसतला."

तो खाली बसला. दुसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उठून मंडपाबाहेर चालले होते. मी हाक मारली, पण ते थांबले नाहीत.

सभा संपता संपता नलावडे मॅडमनी एवढंच जाहीर केलं, की पंधरवड्यात कोणी नवा पुरावा आणला आणि त्यातून जागा निःसंशय ओळखू आली, तर तो विचारात घेतला जाईल.

*

त्या दिवसापासून गावात माझ्याशी बोलणं बंद झालं. विहिरीवर मी गेले की बायका कळशा उचलायच्या. एकीने तर पुटपुटत का होईना, पण मला ऐकू जाईल असं म्हटलं, "गाव विकून फोटो काढूचे." घरी बाबा जेवायला माझ्याआधी बसून उठून जायचे. मी सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकून घ्यायचे, पण त्यावर काही बोलायचे नाहीत.

दोन दिवस गेले आणि मी भालूदादाकडे गेले. त्याची मोठी निळी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. तिच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरांत 'कुलस्वामिनी' लिहिलेलं. अख्ख्या किनाऱ्यावर त्या निळ्या रंगाची दुसरी होडी नव्हती. तो एकटाच तिच्या बुडाला रंग लावत होता. मला बघून त्याने ब्रश डब्यात ठेवला.

"दोरी तूच ताणलीस," मी म्हणाले. "रोज. मेलेल्यावरूनच."

"होय."

मी इतका सरळ जबाब येईल असं धरलं नव्हतं.

"का?"

"तू कॅमेऱ्यातून बघतंस," तो म्हणाला. "हातभर जागा. मी अख्खो खडप बघतंय, किती वर्सां. दोन उन्हाळे पाणी कसा तापला ता बघलंस? अर्धी फुलां पांढरी पडली. तो मरतलोच गो, आज नाय तर उद्या. मगे आपल्याकडे खडप पण नाय आणि जेट्टी पण नाय. जेट्टी झाली तर माझ्यासारख्याच्या चार होड्या लागतील थंय. पोरांका काम मिळात."

"हे मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तू काढले असतंस फोटो?"

"नाही."

"मगे?"

तो वाळूत खाली बसला, गुडघ्यांवर कोपरं टेकून. "तुझा नाव घेतले, ता माका म्हायत नव्हता," तो म्हणाला. "आईशपथ. आणि मंडपात... सगळे बघत होते. माझ्या तोंडातून काय गेला, माकाच कळला नाय." त्याचे डोळे भरून आले होते. भालूदादाला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. माझा राग तिथल्या तिथे विरघळला, आज आठवलं तरी नवल वाटतं. पण ज्या माणसाने एकदा आपल्या तोंडात श्वास घातला त्याच्याविषयी मनात संशय टिकत नाही. तो येतो आणि जातो.

"आता काय करूचा ता सांग," तो म्हणाला. "मी येतंय."

मग मी त्याला सांगितलं. तोवर मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगायला होतं तरी कोण? पुनवेच्या उधाणाला संध्याकाळची ओहोटी सर्वांत मोठी. फुलखडपाच्या माथ्यावर तेव्हा वीतभर पाणी राहणार. कॅमेऱ्याच्या पाणबंद पेटीला घुमटासारखी काच लावली की एकाच फोटोत अर्धं पाण्याखालचं आणि अर्धं पाण्यावरचं येतं. खाली जिवंत पोवळं, वर आमचा किनारा, देवळाचा कळस, दीपस्तंभ. एकच फोटो. मग कोण म्हणेल जागा दुसरी आहे?

भालूदादा ऐकत राहिला. मग म्हणाला, "डोक्यात चांगला इला तुझ्या." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुनवेक बंदरावर थांब. उन्हां उतरली की येतंय. माझ्याशिवाय कोण उतरतलो तुझ्याबरोबर?"

घरी जाताना सुनावणीनंतर पहिल्यांदा मला भूक लागली.

*

पुनवेच्या संध्याकाळी मी कॅमेऱ्याची पेटी घेऊन बंदरावर उभी होते. उन्हं उतरली. पाणी मागे सरकत चाललं, एकेक खडक उघडा पडायला लागला. भालूदादा आला नाही. 'कुलस्वामिनी' किनाऱ्यावर तिच्या जागी नव्हती. फोन लागत नव्हता. मला वाटलं, पर्यटक घेऊन अडकला असेल.

ओहोटीचा जीव तेवढाच असतो. पाणी एकदा फिरलं की एवढ्या ओहोटीसाठी पुन्हा अमावास्येपर्यंत थांबायचं, आणि पंधरवडा तर संपत आलेला.

मागे वाळूत पावलं वाजली. बाबा होते. खांद्यावर वल्ही. त्यांनी माझ्याकडे न बघता आमची लहान होडी पाण्यात ढकलली, आत चढले आणि वल्ही खुंट्यांत बसवली.

"बस," ते म्हणाले.

कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याशी उच्चारलेला तो पहिला शब्द.

फुलखडपापर्यंत ते वल्हवत राहिले. तिथे पोचल्यावर त्यांनी दोरीचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. "माका खाली उतरूक येना नाय," ते म्हणाले. "ओढूक येता."

पोवळ्यांच्या मधून वाळूचा एक पट्टा जातो, गल्लीसारखा. मी त्यात गुडघे टेकले. पाणी छातीपर्यंत होतं आणि समोर, हाताच्या अंतरावर, ते पिवळे द्रोण पाण्याखाली जेमतेम बुडलेले. उतरतं ऊन तिरपं आत शिरलं होतं आणि सगळा खडक आतून दिवा लावल्यासारखा दिसत होता. एक फुलपाखरू मासा काचेत स्वतःलाच बघायला आला. मी कॅमेरा अर्धा बुडवला आणि वर बघितलं.

किनारा धुरकटला होता. कोणीतरी शेतात पालापाचोळा जाळून भाजावळ केली असावी, धूर पाण्यावर पसरून राहिला होता. कळस दिसेना, दीपस्तंभ दिसेना. माडांची एक पुसट रेघ तेवढी होती, आणि माडांची रेघ कुठे नसते? मी तरी फोटो काढत राहिले. प्रत्येक फोटो बघून मला कर्णिकांचा मऊ आवाज ऐकू येत होता.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. धुरातून निळी होडी निघाली आणि सरळ आमच्याकडे यायला लागली. सुकाणूपाशी भालूदादा.

मला इतका आनंद झाला की मी पाण्यातून हात उंच करून हलवला. "बाबा, भालूदादा इलो!"

बाबा उभे राहिले.

होडीचा वेग कमी होईना. उथळ पाण्यात कोणीही इंजिन मंद करतं, आणि भालूदादाला तर फुलखडपाचा कानाकोपरा ठाऊक. तो वाळूच्या पट्ट्याच्या तोंडाशी आला आणि तिथेच होडी वळवून त्याने फेरा घेतला. मागून वाळूचा लोट उठला. पाणी चहासारखं झालं आणि तो ढग पट्ट्यातून माझ्याकडे सरकायला लागला. त्याने दुसरा फेरा घेतला, पहिल्यापेक्षा जवळून.

तेव्हा मला कळलं. आज, या वेळी, या ओहोटीला मी इथे असणार, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. बाबांना तरी मी कुठे सांगितलं होतं? ते बंदरावर मला पेटी घेऊन उभी बघून आले होते. मंडपात त्याच्या तोंडून निघून गेलं, हे मी मानलं होतं. हे निघून गेलेलं नव्हतं. हे तो ठरवून, इंधन भरून, वेळ साधून करायला आला होता.

मला रडू आलं नाही. हात मात्र एकदम स्थिर झाले. गढूळ पाणी अजून दोन-तीन वाव दूर होतं आणि माझ्या काचेपुढे अजून आरशासारखं स्वच्छ. मी कॅमेरा किनाऱ्यावरून वळवला आणि त्याच्यावर धरला. खाली पिवळे द्रोण, त्यांच्यावर फुलपाखरू मासा. वर निळी होडी, पिवळी अक्षरं, नंबर, आणि सुकाणू धरून माझ्याकडे बघणारा भालूदादा. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गढूळ पाणी काचेवर येईपर्यंत दाबत राहिले.

मग काहीच दिसेना. इंजिनाचा आवाज फार जवळून यायला लागला. कमरेची दोरी ताणली गेली, मी मागे ओढली गेले आणि डोक्यावर लाकूड आलं. बाबांनी आमची होडी माझ्या आणि त्याच्यामध्ये घातली होती. ते वल्हं दोन्ही हातांनी आडवं धरून उभे होते, आणि आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस ओरडत होता, "भालू! चेडू आसा माझा पाण्यात! भालू!"

इंजिन बंद पडलं, की त्याने बंद केलं, मला माहीत नाही. होड्या एकमेकींपासून हातभर अंतरावर डुलत होत्या. भालूदादा सुकाणूवर हात ठेवून उभा होता, ओठ पांढरे पडलेले. मग त्याने इंजिन सुरू केलं आणि हळू, अगदी हळू, खडपाला धक्का लागणार नाही असा निघून गेला.

बाबांनी मला होडीत ओढून घेतलं. माझे दात वाजत होते. त्यांनी अंगातला सदरा काढून माझ्याभोवती गुंडाळला.

"माका वाटला होता, तू त्यांच्यातली," ते म्हणाले. आणि वल्ही मारायला लागले.

*

चार दिवसांनी नलावडे मॅडम स्वतः गावात आल्या. ग्रामपंचायतीच्या टेबलावर मी तो फोटो ठेवला, मोठा करून. खोलीत दाराबाहेरपर्यंत माणसं होती. कर्णिकही होते. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "होडी इथली असेल. पण होडी कुठेही जाऊ शकते."

"होडीवाले कोण?" मॅडमनी विचारलं.

भालूदादाला बोलावून आणलं. त्याच्यापुढे फोटो सरकवला.

"ही तुमची होडी?"

"होय."

"यात तुम्हीच आहात?"

"होय."

"त्या वेळी होडी कुठे होती?"

त्याला मालवण म्हणता आलं असतं, निवती म्हणता आलं असतं. कोणीच त्याला खोटं पाडू शकलं नसतं. माझी आणि बाबांची साक्ष कोण मोजणार होतं? तो फोटोकडे बघत राहिला. वरच्या अर्ध्याकडे नाही, खालच्या.

"फुलखडपार," तो म्हणाला.

मॅडमनी दुसरी, स्वतंत्र पाहणी लावली. ते लोक स्वतःची दोरी आणि स्वतःची चौकट घेऊन आले. जेट्टी पुढे झाली, पण खाडीच्या पलीकडच्या अंगाला, आणि बांध फुलखडपापासून दूर गेला. सगळा खडप आता पूर्वीसारखा नाही. भालूदादा पाण्याबद्दल खोटं बोलला नव्हता, उन्हाळे खरंच वाईट येत गेले. पण तो आहे.

गावाने भालूदादाला वाळीत वगैरे टाकलं नाही. लोक बोलायचे, दुकानात उधार द्यायचे, लग्नाला बोलवायचे. पण मुलांना पाण्यात उतरायला त्याच्याकडे कोणी पाठवेना, आणि वर्षभरात त्याने निळी होडी विकली.

ती जाण्याच्या आदल्या दिवशी तो मला बंदरावर भेटला. मी टाळून जाणार होते. तो आडवा आला.

"एक विचारू?"

मी थांबले.

"त्या फोटोत तू माका कापून टाकू शकली असतंस. वरचो भाग जरासो कमी केलो असतो तर खाली फुलां दिसली असती, वर होडी दिसली असती. माझा तोंड नसता दिसला. मी घरी फोटोर कागद लावून बघलंय."

"हो," मी म्हणाले. "झालं असतं."

"मगे ठेवलंस कित्याक?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, महिनोन् महिने घोळवलेलं. मंडपातलं वाक्य, डोक्यावर ठेवलेला हात, चहासारखं पाणी, सगळं त्यात होतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तो त्या उत्तरासाठीच आलाय. ते एकदा ऐकलं की त्याला घरी जाऊन झोप लागणार होती.

"कुणी तरी विचारलं असतं, होडीत कोण आहे," मी म्हणाले. "म्हणून ठेवलं."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

तो माझ्या डोळ्यांत बघत राहिला, माझा श्वास जाग्यावर येण्याची वाट बघावी तसा. मी नजर हलवली नाही.

"रागान ठेवलं असतंस," तो शेवटी म्हणाला, "तर बरा वाटला असता गो."

तो वाळूतून चालत गेला. मी पेटी उचलली. बाबा होडीत बसून हाका मारत होते, भरती लागायच्या आत निघायला हवं होतं.